लुडोच्या फाशांवर स्टार वॉर्स: वेस्ट एंड गेम्सचा जुना आरपीजी सोलापुरात घरी कसा लावायचा

आधीच सांगतो, हे वाचायला तुम्ही आधी कधी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, प्रत्येकाने एक पात्र घेऊन तोंडी गोष्ट रंगवायचा खेळ, खेळलेला पाहिजे असं काही नाही. चार-पाच माणसं, दहा-बारा फासे, पेन्सिली, आणि तीन तास पंखा चालेल एवढी लाईट, बस्स. आणि सोलापुरात राहत असाल तर पाणी यायचा दिवस सोडून तारीख घ्या. गंमत नाही करत, आमचं दुसरं सेशन ऐन रंगात आलेलं आणि खालून आई ओरडली "पाणी आलंय रे", पाचातले चार जण हंडे-बादल्या घेऊन पळाले, आमच्या गेममधला स्मगलर अजून यानं ठेवायच्या हँगरच्या छताला लटकलेलाच आहे.

गेम कुठला, तर वेस्ट एंड गेम्स या अमेरिकन कंपनीचा १९८७ चा स्टार वॉर्स रोलप्लेइंग गेम. एवढा जुना का बे, असं मावसभावाने पण विचारलं. कारण साधं आहे. नंतर दुसऱ्या कंपन्यांनी काढलेल्या स्टार वॉर्स गेमांत एकाला वीस बाजूंचा फासा लागतो, एकाला चिन्हं छापलेले स्पेशल फासे लागतात, ते बाहेरून मागवायचे म्हणजे खिशाला कात्री. या जुन्या गेमला फक्त सहा बाजूंचा साधा फासा लागतो, जो तुमच्या घरी लुडोच्या डब्यात आत्ता पडलेला आहे. आणि हा गेम असा का बनला हे कळलं की रूल पाठ करावे लागत नाहीत, म्हणून मी कंपनीची गोष्ट आणि खेळायची रीत मिसळूनच सांगणार आहे.

कंपनी काढली डॅनियल स्कॉट पाल्टर नावाच्या माणसाने, १९७४ ला, न्यूयॉर्कात. नाव ठेवलं कोलंबिया युनिव्हर्सिटीजवळच्या वेस्ट एंड नावाच्या बारवरून. सुरुवातीला हे लोक नकाशावर पुठ्ठ्याच्या सोंगट्या सरकवायचे युद्धाचे बोर्डगेम काढायचे, आरपीजीचा संबंध नव्हता. आणि मागे पैसा कुठला, तर पाल्टर घराण्याचा बूट-चपला आयात करायचा धंदा! आता हे वाचून सोलापूरकराला नवल वाटणार नाही, आपल्याकडं पण टॉवेलच्या कारखान्याच्या गल्ल्यातून धाकट्या भावाचं मोबाईलचं दुकान चालतंच की. हा बूट पुढं चावला, पण ते नंतर.

१९८४ ला त्यांनी पॅरानोइया नावाचा आरपीजी काढला, विनोदी, वेड्या कॉम्प्युटरच्या राज्यातला, आणि नाव झालं. मग १९८६ ला घोस्टबस्टर्स सिनेमाचं लायसन घेऊन गेम काढला. लायसनचा गेम म्हणजे सिनेमावाल्याला पैसे भरायचे, त्याची पात्रं आणि नावं वापरायची परवानगी घ्यायची, छापायच्या आधी मजकूर त्याला दाखवायचा, आणि मुदत संपली की सगळं परत. घोस्टबस्टर्सचे रूल लिहिले केऑसियम या दुसऱ्या कंपनीतल्या सँडी पीटरसन, लिन विलिस आणि ग्रेग स्टॅफर्ड यांनी, आणि तिथं एक लै भारी आयडिया आली: तुमचं कौशल्य जेवढं, तेवढे फासे हातात घ्या, टाका, बेरीज करा. ग्रेग कॉस्टिक्यान याने हीच आयडिया घासूनपुसून पुढच्या वर्षी स्टार वॉर्समध्ये आणली. तिलाच नंतर डी-सिक्स सिस्टीम नाव पडलं, डी म्हणजे डाय, फासा, आणि सिक्स म्हणजे सहा बाजू.

आणि १९८७ चा काळ बघा. शेवटचा सिनेमा १९८३ ला येऊन गेलेला, मार्व्हलची त्यावरची कॉमिक १९८६ ला बंद, खेळणी पण दुकानातून गेलेली. स्टार वॉर्स म्हणजे यात्रा उठल्यावरचं गड्ड्याचं मैदान झालेलं, आणि तिथं यांनी तंबू टाकला. म्हणून गिऱ्हाईक कोण, तर सिनेमा आठवतोय पण आरपीजी कशाशी खातात माहीत नाही असा माणूस. रूल त्याच्यासाठी लिहिलेत. तुमचा शेजारी पण तसाच आहे, म्हणून हा गेम चालतो.

तर फासे. लुडोच्या सेटात एकच येतो, दोन आले तर नशीब, त्यामुळे स्टेशनरीच्या दुकानातून सुटे घ्या. मी नव्या पेठेतून डझनभर पांढरे आणले आणि वरून एक लाल. तो लाल महत्त्वाचा आहे, सांगतो. खूप बारके घेऊ नका, आमच्याकडं एक फासा दिवाणाखाली गेला तो दिवाळीच्या साफसफाईत निघाला.

मग पात्र बनवा. प्रत्येकाला सहा गुण असतात. डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, नेमबाजी त्यातच. नॉलेज म्हणजे माहिती. मेकॅनिकल, परसेप्शन म्हणजे नजर आणि बोलण्यातली हुशारी, स्ट्रेंथ म्हणजे ताकद, आणि टेक्निकल. इथं सगळे एक चूक करतात, मीपण केली: मेकॅनिकल म्हणजे मेकॅनिक नाही! मेकॅनिकल म्हणजे यान चालवणं, यानावरच्या तोफा चालवणं, थोडक्यात ड्रायव्हर. दुरुस्ती येते टेक्निकलमध्ये, आणि दवापाणी पण तिथंच. आमच्या टेबलावर मी सरळ "गाडी चालवणं" आणि "गाडी खोलणं" असं लिहून टाकलं, भांडण मिटलं.

या सहा गुणांत मिळून १८ फासे वाटायचे, माणूस असेल तर एका गुणात कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ४. लिहायचं २डी, ३डी असं. फाशाचे तुकडे पण होतात, ३डी नंतर ३डी+१, मग ३डी+२, मग ४डी, म्हणजे तीन तुकड्यांचा एक फासा, रुपयाच्या चार पावल्या तसे इथं तीन. त्यावर ७ फासे कौशल्यांत टाकायचे, एका कौशल्यात २ पेक्षा जास्त नाही. समजा टेक्निकल ३डी आहे आणि यान-दुरुस्तीत २ टाकले, तर दुरुस्तीला ५डी.

हे पण जड वाटत असेल तर पुस्तकानेच सोय केलीय. तयार साचे दिलेत, टेम्प्लेट म्हणतात, गुण आधीच वाटलेले, तुम्ही फक्त ७ फासे टाकायचे आणि नाव ठेवायचं. स्मगलर आहे, जेडी, म्हणजे अद्भुत शक्तीचा तलवारबाज, व्हायला निघाला आणि फसला असा म्हातारा आहे, बोलताना अडखळणारा इंजिनिअर आहे, घरबसल्या इतिहास सांगणारा आहे, आगाऊ पोरगं आहे. आमचे बाबा टॉवेलच्या कारखान्यात, बॉर्डरचं डिझाईन काढायचा ग्राफ पेपर घरी भरपूर, मी त्याच्यावर सहा खाने पाडून साचे काढले, चौकोनात एक टिंब म्हणजे एक फासा. माझ्या आत्याला इंग्रजी वाचता येत नाही पण जेकार्डचा ग्राफ लहानपणापासून बघितलेला, तिला आपलं शीट एका नजरेत कळलं. बाकीचे अजून विचारत होते माझे किती, माझे किती.

जेडीबद्दल एक कडक सूचना. सगळ्यांना जेडी व्हायचं असतं. पाचात एकच ठेवा, तोपण अर्धवट शिकलेला. या गेमचा काळ असा आहे की जेडी जवळपास संपलेत, आणि खरं सांगायचं तर चार लाइटसेबर, त्या जेडींच्या प्रकाशाच्या तलवारी, एका खोलीत म्हणजे बाकीच्या कौशल्यांना कोण विचारतो.

आता खेळ चालतो कसा. एक माणूस गेममास्टर, तो गोष्ट सांगतो आणि बाकीच्या जगाच्या बाजूने बोलतो. कुणी काही अवघड केलं तर गेममास्टर मनात आकडा धरतो: फार सोप्पं असेल ५, सोप्पं १०, मध्यम १५, अवघड २०, लैच अवघड ३०. खेळाडू आपले फासे टाकतो, बेरीज आकड्याएवढी किंवा जास्त आली की जमलं. एवढाच गेम आहे, बाकी सगळं यावरची नक्षी.

पण आकडा धरायची अक्कल पाहिजे. १५ ऐकायला मध्यम वाटतं, पण ३डी वाल्याला १५ येण्याचा चान्स शंभरात ९, ४डी वाल्याला ४४, ५डी वाल्याला ७८ च्या आसपास. बघा एकेका फाशाने केवढा फरक पडतो. आणि लाल फाशाची करामत सोडली तर २डी वाल्याला १५ येऊच शकत नाही, दोन फाशांत जास्तीत जास्त १२. त्यामुळे पहिल्या सेशनला आकडे १० च्या आगेमागे ठेवा, नाहीतर पोरं सारखी पडतात आणि मोबाईल काढतात. अजून एक, एका दमात दोन कामं करायची असतील, पळता पळता गोळी मारायचीय, तर दोन्ही कामांना एकेक फासा कमी. तीन कामं तर दोन-दोन कमी. हा एक रूल पाठ करा, सगळी मारामारी यातच बसते.

आता तो लाल फासा. याला वाइल्ड डाय म्हणतात. घोस्टबस्टर्समध्ये एका फाशावर सहाच्या जागी भूत छापलेलं असायचं, त्याच घरातला हा वारस, स्टार वॉर्समध्ये १९९२ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. टाकताना आपल्या फाशांतला एक नेहमी लाल. लालवर ६ आला तर तो मोजून परत टाका, परत ६ तर परत. लालवर १ आला तर गेममास्टर एकतर तो १ आणि सगळ्यात मोठा फासा बाजूला काढतो, नाहीतर बेरीज तशीच ठेवून काहीतरी घोळ घालतो.

मला घोळच आवडतो. आमचं चालू असलेलं सांगतो: यान सुरू होईना, मागून स्टॉर्मट्रूपर, म्हणजे शत्रूचे, एम्पायरचे शिपाई, मावसभावाच्या इंजिनिअरला ४डी, मी १५ धरलेले. फासे पडले ६, ५, ३ आणि लालवर १. बेरीज बरोब्बर १५, पोरगं नाचायला लागलं. मी म्हणलं इंजिन सुरू झालं रे, पण वायर उलटी लागल्याने आतलं सगळं बोलणं आता एम्पायरच्या रेडिओवर ऐकू जातंय. दोन मिनिटं कुणी तोंड उघडलं नाही, खाणाखुणा करत यान उडवलं, आणि आत्या शेवटी न राहवून म्हणली "अरे पण डावीकडं घे की!" गेलं सगळं.

सुरुवात कशी करायची यावर जरा थांबतो, कारण माझं पहिलं सेशन इथंच मेलं. मी चाळीस मिनिटं आकाशगंगेचा इतिहास सांगितला, राजकारण, सिनेट, कोण कुणाचा, आणि एक जण चक्क घोरायला लागला. पुस्तकात यावर औषध होतंच, मी वाचलं नव्हतं. वेस्ट एंडच्या पहिल्या पुस्तकात आणि नंतरच्या बऱ्याच साहसांत, म्हणजे खेळायला तयार गोष्टींत, सुरुवातीला स्क्रिप्ट असते, नाटकासारखी, पहिला हे बोलतो, दुसरा ते बोलतो, खेळाडूंनी नुसतं मोठ्यानं वाचायचं. आणि ती सुरू होते थेट पाठलागाच्या मधोमध, जसा सिनेमा सुरू होतो तसा. वाचून संपेपर्यंत सगळ्यांना आपण कोण, कुठं, कुणापासून पळतोय हे कळलेलं असतं. आता मी प्रत्येक सेशनला पंधरा ओळी हाताने लिहितो, झेरॉक्स काढतो, वाटतो. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघून मोठी झालेली माणसं आहेत आपली, हातात कागद दिला की आवाज आपोआप चढतो. लाजणारा माणूस बोलता करायला याच्यासारखं काही नाही. स्क्रिप्टची शेवटची ओळ अशी लिहा की पुढं लगेच फासे उचलावेच लागतील.

मग जग कसं भरायचं. इथं या कंपनीचं खरं काम आहे. पहिल्या सिनेमात एका बारमध्ये कितीतरी विचित्र जीव बसलेले, पण त्यांना नावं नव्हती, "हातोडीच्या डोक्याचा" वगैरे म्हणायचे. गेमला तर नावं लागणार, कोण कुठल्या ग्रहाचा, काय खातो. बिल स्लाव्हिसेक आणि कर्टिस स्मिथ यांनी १९८७ च्याच सोर्सबुकमध्ये, म्हणजे त्या जगाची माहिती देणाऱ्या पुस्तकात, ती भरली: बारमधल्या हिरव्या ग्रीडोची जात रोडियन, हातोडीवाले इथोरियन, डोक्याला दोन शेपट्या असलेले ट्विलेक. टिमोथी झान याने स्टार वॉर्सची १९९१ ची कादंबरी लिहायला घेतली तेव्हा सिनेमाची मालक कंपनी लुकासफिल्मने त्याच्याकडं वेस्ट एंडच्या पुस्तकांचा खोका पाठवला, आकाशगंगेचं सामान यातूनच घे म्हणून. आणि अँडोर मालिका बघितली असेल तर त्यातली ती आयएसबी, पांढऱ्या कोटातली गुप्तहेर मंडळी, ती १९८९ च्या इम्पीरियल सोर्सबुकमधली आहे, ग्रेग गॉर्डनने लिहिलेल्या. गेममास्टरला टेबलावर लागेल म्हणून बनवलेली खाती तेहतीस वर्षांनी टीव्हीवर.

तुम्ही पण हेच करा. एक वही घाला, खेळताना ज्याला नाव नाही त्याला जागच्या जागी नाव द्या आणि एक ओळ लिहा, दोन नको. मी आपल्याकडचीच नावं वळवतो. जुनी यानं दुरुस्तीला जातात त्या स्टेशनचं नाव कुर्डू, कारण कुर्डुवाडीला रेल्वेचा वर्कशॉप आहे, पोरांना न सांगता कळलं. तिथल्या खानावळीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळते, मालकाला चार हात आणि तो तेलुगू टोनमध्ये बोलतो, सगळे त्याला अण्णा म्हणतात. त्या अण्णाला मी एका सीनसाठी बनवलेला, आता तो मेला तर माझं काही खरं नाही.

पुस्तकांचं. १९८७ ची दोन्ही पुस्तकं, रूलबुक आणि सोर्सबुक, फँटसी फ्लाइट गेम्सने २०१८ ला तीस वर्षांच्या निमित्ताने एका खोक्यात परत छापली. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून दोन्हींचा फोटो मागा. मला एकाने नुसतं सोर्सबुक पाठवलं आणि फोन उचलायचं बंद केलं, तीन महिने मला प्रत्येक यानाची लांबी तोंडपाठ होती पण फासे कसे टाकायचे ते माहीत नव्हतं. रूलबुक मिळालं तर त्यात एकट्याने खेळायचं साहस पण आहे, आधी ते खेळून बघा, अर्ध्या तासात हात बसतो.

आता बुटाचं. झानची कादंबरी तुफान चालली, स्टार वॉर्स परत जागं झालं, वेस्ट एंडची दुसरी आवृत्ती आली, १९९४ पासून स्वतःचं जर्नल निघालं. इंडियाना जोन्स, मेन इन ब्लॅक, झीना, लायसनं घेतच गेले. १९९७ ला जुने सिनेमे परत थेटरात लागले, १९९९ ला नवीन सिनेमा येणार हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे अकरा वर्षं रान नांगरलं आणि आता पीक येणार, आणि जुलै १९९८ ला कंपनीचं दिवाळं निघालं. घरचा बुटांचा धंदा बुडाला, दोन्हीकडचा पैसा एकमेकांत अडकलेला, गेम कंपनी पण सोबत गेली. आमच्या गल्लीत असे लूम बंद पडलेले बघितलेत, मालाला मागणी असते, मालक दुसरीकडं बुडालेला असतो. लायसन गेलं विझार्ड्स ऑफ द कोस्टकडं, त्यांचा गेम २००० ला आला, वीस बाजूंच्या फाशाचा, आणि लिहिणाऱ्यांत तोच बिल स्लाव्हिसेक!

पण वाटणी कशी झाली ते बघा, कारण ते तुमच्या कामाचं आहे. रोडियन, ट्विलेक, आयएसबी, ही नावं यांनीच ठेवली तरी मालकी लुकासफिल्मची, लायसनमध्ये असंच असतं. फाशांची सिस्टीम मात्र कंपनीची, ती राहिली. पुढं ती हातं बदलत एरिक गिब्सन याच्याकडं आली आणि २०१० च्या आसपास त्याने ती ओपन डी-सिक्स म्हणून खुल्या लायसनवर सोडली. तर घरी मित्रांत खेळताना डार्थ व्हेडर आणा नाहीतर त्याची मावशी आणा, कोण विचारत नाही. पण आपलं साहस छापून विकायचं डोक्यात असेल तर स्टार वॉर्सचं प्रत्येक नाव काढा आणि ओपन डी-सिक्सच्या लायसनचा मजकूर वाचून त्याच्यावर बांधा. माग आपला असला तरी चादरीवर कुणाचं नाव घालायचं याला कायदा आहे, हे सोलापूरकराला सांगायला नको, बाहेरचा माल सोलापुरी म्हणून विकतात तेव्हा आपणच बोंबलतो. म्हणून पण मी वहीत कुर्डू आणि अण्णा लिहितो, ते माझे आहेत.

सेशन संपलं की कॅरेक्टर पॉइंट वाटा, मी तीन ते सहा देतो, ज्याने हसवलं त्याला एक जास्त. एखादं कौशल्य एक तुकडा वाढवायला जेवढे पूर्ण फासे तेवढे पॉइंट, ४डी चं ४डी+१ करायला चार. शीटवर पेन्सिलनेच लिहा. आणि लाल फासा मोजून वेगळ्या डबीत ठेवा, आमचा भाचीने लुडोत नेला, आता ती ६ आला की परत टाकते, १ आला की समोरच्याची सोंगटी उचलून ठेवते आणि म्हणते मामाचा रूल आहे.